एक औपचारिक विशेषण, तीन शब्दकोश

नोकरीच्या जाहिरातीत पगाराचा आकडा द्यायचा नसला की तेथे हमखास एक भारदस्त इंग्रजी विशेषण येऊन बसते : ‘कमेन्शरट’ (commensurate). पात्रता आणि अनुभव यांच्या मानाने वेतन मिळेल, एवढाच त्या वाक्याचा अर्थ असतो आणि संदर्भावरून तो बहुतेकांच्या लक्षातही येतो. पंचाईत होते ती हा शब्द स्वतःच्या अर्जात, अहवालात किंवा कार्यालयीन पत्रात वापरायची वेळ आली म्हणजे. अशा वेळी कोणता कोश खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो, हे पाहण्यासाठी या एकाच विशेषणाच्या तीन कोशांतील नोंदी मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या : मेरियम-वेब्स्टर, ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स आणि कॉलिन्स कोबिल्ड.

मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकी कोश मुळात इंग्रजी ज्यांच्या घरची भाषा आहे, त्यांच्यासाठी रचलेला आहे. ‘माप किंवा व्याप्ती यांत समान’ आणि ‘आकार, प्रमाण किंवा तीव्रता यांत मिळतेजुळते’ असे दोन अर्थ तो देतो. मात्र पहिल्याचा प्रतिशब्द म्हणून ‘कोएक्स्टेन्सिव्ह’ हा त्याहून अवघड शब्द पुढे करतो. व्युत्पत्ती मात्र येथे चांगली कळते. माप या अर्थाचा लॅटिन ‘मेन्सुरा’ हा शब्द या विशेषणाच्या पोटात आहे आणि इंग्रजीतला ‘मेझर’ही त्याच कुळातला आहे. दोन गोष्टी एका मापाने मोजल्या आणि जुळल्या, हे एकदा ध्यानात आले की अर्थ सहसा विसरला जात नाही. वापर मात्र तेवढ्याने येत नाही.

ऑक्सफर्डच्या कोशाची घडण वेगळी आहे. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना तो तयार केला, १९४२ साली तो टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो स्वतःच्या नावाने काढला. परक्या भाषेत वाक्य रचताना माणूस कोठे अडखळतो, हे वर्गात पाहिलेल्या शिक्षकांचे हे काम असल्याचे नोंद वाचताना जाणवते. ‘कमेन्शरट’ची नोंद जेमतेम काही ओळींची आहे, पण तिच्यात ‘फॉर्मल’ ही खूण आहे, एक नागमोडी रेघ आणि कंसात ‘विथ’ हे शब्दयोगी अव्यय आहे, आणि मग अर्थ व उदाहरण येते : ‘सॅलरी विल बी कमेन्शरट विथ एक्स्पिरिअन्स’. अनेक वाचक त्या रेघेवरून आणि कंसावरून नजर न थांबवता पुढे जातात, आणि माझ्या मते नोंदीचा निम्मा ऐवज तेथेच राहून जातो. रेघ म्हणजे मूळ शब्दाची जागा. ‘विथ’ म्हणजे त्याचा नेहमीचा सोबती. आणि कंस म्हणजे हा सोबती प्रत्येक वेळी लागतोच असे नाही. जबाबदारी वाढल्याचे आधीच्या वाक्यात येऊन गेले असेल, तर पुढे नुसते ‘अ कमेन्शरट राइज इन पे’ म्हणता येते. मराठीत आपण ‘अनुभवाला साजेसा’ म्हणतो, त्यातला ‘ला’ इंग्रजी लिहितानाही मनात घोळत राहतो आणि हाताकडून ‘विथ’च्या जागी ‘टू’ लिहून जातो. अशा चुकीवर त्या कंसाएवढा स्वस्त उपाय नाही.

उच्चाराचेही तसेच आहे. स्पेलिंगच्या शेवटी ए-टी-ई पाहून आपल्याकडे सर्रास ‘कमेन्सुरेट’ म्हटले जाते. कोशातील उच्चारचिन्हांनुसार आघात ‘मेन्’वर आहे आणि शेवट ‘रेट’ नसून तोंडातल्या तोंडात म्हटलेला ‘रट’ आहे. ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही उच्चार ऐकता येतात, त्यामुळे चिन्हे वाचता न येणाऱ्याचीही अडचण होत नाही.

तरीही अर्थ सांगण्याच्या बाबतीत मी कोबिल्डला वरचे स्थान देईन. जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली बर्मिंगहॅम विद्यापीठातील भाषासंग्रहाच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील इंग्रजीच्या साठ्याच्या, आधारे १९८७ मध्ये निघालेला हा कोश अर्थ पूर्ण वाक्यात देतो. एका गोष्टीची पातळी दुसरीशी ‘कमेन्शरट’ असेल तर पहिली दुसरीच्या प्रमाणात असते, अशा धर्तीची त्याची व्याख्या आहे. ‘विथ’ त्या वाक्यातच येत असल्यामुळे तो वेगळा शिकावा लागत नाही. त्याहून मोलाचा आहे तो ‘पातळी’ हा शब्द. पगार, शिक्षा, जोखीम, अधिकार अशा कमीजास्त होऊ शकणाऱ्या गोष्टींनाच हे विशेषण लागते, हे त्या एका शब्दाने सूचित होते. मराठीत भिंतीच्या रंगाला पडदेही साजेसे असतात. इंग्रजीत मात्र पडद्यांना ‘कमेन्शरट’ म्हटले तर ऐकणारा गोंधळेल. ऑक्सफर्डच्या व्याख्येत आकार, महत्त्व, दर्जा यांची यादी आहे, पण तिच्यातून ही मर्यादा इतक्या सहज उमगत नाही.

ऑक्सफर्डची उणीव म्हणावी तर ती ‘फॉर्मल’ या खुणेत आहे. न्यायालयाच्या निकालपत्रात शोभणारा शब्द आणि रजेच्या अर्जातही चालून जाणारा शब्द, दोघांनाही तीच एक चिठ्ठी चिकटवलेली असते. कोठे ‘कमेन्शरट’ लिहावे आणि कोठे साध्या ‘इन प्रपोर्शन टू’ने भागवावे, हे शेवटी वाचनावरच सोपवलेले आहे. आधी शिकावयाच्या शब्दांच्या ज्या तीन हजार आणि पाच हजार शब्दांच्या याद्या ऑक्सफर्डने केल्या आहेत, त्यांत हे विशेषण नाही, ही गोष्ट त्या दृष्टीने बोलकी आहे : ज्याचे नेहमीचे इंग्रजी अजून डळमळीत आहे, त्याने या शब्दाची घाई करू नये.

मराठी माध्यमातून शिकून आता इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागणाऱ्याने ऑक्सफर्डचा छापील कोश घरी ठेवावा आणि कोबिल्डची नोंद कॉलिन्सच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावी. ऑक्सफर्डची दहावी आवृत्ती २०२० मध्ये आली आहे. परंतु अशी औपचारिक विशेषणे काही दर दहा वर्षांनी अर्थ बदलत नाहीत, तेव्हा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एखादी जुनी, बांधणी शाबूत असलेली प्रत कमी किमतीत मिळाली, तर ती खुशाल घ्यावी.