धोबीतलावचं जर्सीचं दुकान: म्हातारे प्लेयर आवडत असतील तर इथे जाच

मेट्रो सिनेमाच्या सिग्नलवरून आत वळलं की स्पोर्ट्सच्या दुकानांची लाइन लागते ना, त्यातलंच हे एक छोटं दुकान. बाहेर सगळं क्रिकेटचं लटकवलेलं असतं त्यामुळे लक्षच जात नाही, पण आत शिरलात की उजवीकडची अख्खी भिंत फुटबॉल जर्सींची. आधीच सांगतो, माल फर्स्ट कॉपी आहे, ओरिजिनलच पाहिजे असेल तर मॉलमध्ये जा आणि पाच-सहा हजार मोजा.

मग इथे काय खास? तर बाकी दुकानांत एम्बाप्पे, हालांड, यमाल अशा तरुण स्टार प्लेयरांचेच ढीग असतात, इथे मागच्या रॅकला चाळिशीला टेकलेल्या मंडळींचा माल वेगळा लावलाय आणि तो पण त्यांच्या आत्ताच्या क्लबांचा. आता बार्सिलोनाचा मेस्सी शिवाजी पार्कात दर तिसऱ्या पोराच्या पाठीवर दिसतो, त्यात काय मजा! माझं म्हणणं आहे की प्लेयर उताराला लागला की तो कुठे गेला आणि तिथे जाऊन खेळला कसा, खरी मजा त्या जर्सीत आहे.

मला क्रोएशियाच्या मॉड्रिचची हवी होती. जुलै 2025 ला रिअल माद्रिद सोडून इटलीच्या एसी मिलानला गेला तो, 13 वर्षांत 6 चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकून झाल्यावर, आणि मिलान म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा आवडता क्लब. मी आपलं सवयीने म्हटलं, दादा मागे 10 टाका. दादाने मशीनवरचा हातच काढला. "मिलानला 10 लेआओचा आहे, मॉड्रिच 14. दहा हवा असेल तर माद्रिदची घ्या." गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असताना चुकीचा नंबर टाकून द्यायला नकार देणारा दुकानदार मुंबईत मी तरी दुसरा बघितला नाही. मग त्याने 14 कापला, पट्टी लावून मधोमध मोजून घेतला, वर बटर पेपर ठेवून हीट प्रेस दाबला, पाच मिनिटांत काम झालं.

मेस्सीची इंटर मायामीची गुलाबी जर्सी खूप खपते म्हणे. मी त्यातच बुस्केट्सचा 5 नंबर टाकून घेतला भावासाठी, कारण मायामीने 2025 ची एमएलएस (अमेरिकेची लीग) फायनल जिंकली आणि मेस्सीचे बार्सिलोनापासूनचे साथीदार बुस्केट्स, आल्बा दोघंही तिथेच निवृत्त झाले, असा शेवट किती जणांच्या नशिबात असतो. रोनाल्डोची सौदीच्या अल नस्रची पिवळी पण आहे, 2027 पर्यंतचं काँट्रॅक्ट आहे त्याचं म्हणजे तो स्टॉक काही पडून राहणार नाही. मेस्सीची पीएसजीची (पॅरिसचा क्लब) 30 नंबरवाली मात्र कोपऱ्यात धूळ खात पडलीये, स्वस्तात देतोय तरी कोणी हात लावत नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

भारताची निळी 11 नंबर छेत्री सगळ्या साइजमध्ये मिळाली. 6 जून 2024 ला कुवेतच्या मॅचला कोलकात्यात निरोप घेतला, रडारड झाली, आणि पुढच्या मार्चमध्ये पठ्ठ्या परत येऊन मालदीवविरुद्ध हेडरने गोल मारतो, 95 वा! यात कौतुक त्याचं करायचं की आपल्याकडे दुसरा स्ट्रायकर नाही म्हणून डोक्याला हात लावायचा हे तुम्ही ठरवा.

एक गोष्ट नाही मिळाली, आयएसएलमधल्या (आपली इंडियन सुपर लीग) मुंबई सिटीची 2016 ची, उरुग्वेच्या फोरलानवाली. अंधेरीला त्याने केरळा ब्लास्टर्सला हॅटट्रिक मारली तेव्हा 37 वर्षांचा होता, धावत फारसा नव्हता पण बॉल पायाशी आला की स्टँडमधले सगळे उभे राहायचे. नंतर सेमीफायनलला कोलकात्यात रेड कार्ड खाऊन बसला आणि सेकंड लेगला बाहेर, तो राग अजून आहे, तरी जर्सी हवीये. दादा म्हणाला बनवून देतो, पण बनवलेली नकोय मला.

आता तक्रारी. जर्सी वॉशिंग मशीनला टाकली तर प्रिंटिंग गेलं समजा, माझ्या आधीच्या एका जर्सीचं आडनाव निम्मं सोलून निघालं, त्यामुळे उलटी करून थंड पाण्यात हातानेच धुवा, इस्त्री तर अजिबात फिरवू नका. ट्रायल रूम नाही, शर्टावरूनच घालून बघावं लागतं, ते पण पंख्याखाली जागा मिळाली तर. जर्सी साडेपाचशे, प्रिंटिंगचे शंभर वेगळे, भाव करायला गेलात तर दादाचं तोंड वाकडं होतं पण दोन घेतल्या तर प्रिंटिंगचं सोडतो.

पाचपैकी चार. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, कॉलेजच्या पोरांची गर्दी असते आणि प्रेस एकच आहे. आणि डबल एक्सेल लागत असेल तर आधी फोन करून विचारा, या रॅकवर तीच साइज आधी संपते, घेणारे सगळे आमच्याच वयाचे.