'रन'च्या कसोटीवर इंग्रजी शब्दकोश: फुकटातले पाच आणि एक महागडा

शब्दकोश पारखायचा तर त्यात अवघड शब्द शोधू नये. 'फोटोसिंथेसिस' सगळ्याच कोशांत नीट सापडतो, कारण त्याला अर्थच एक. कोशाचा कस लागतो तो 'रन', 'सेट', 'गेट' अशा रोजच्या, चिमुकल्या शब्दांवर. तिथे अर्थांचा तुटवडा नसतो. हवा तो अर्थ किती लवकर हाती लागतो, एवढंच पाहायचं असतं. इंटरनेटवर फुकट उघडणारे पाच कोश इथे 'रन' या एकाच शब्दावर तपासले आहेत.

ऑक्सफर्ड लर्नर्सपासून सुरुवात करू. 'रन'च्या पानावर बहुतेक अर्थांच्या डोक्यावर छोटी पाटी लावलेली असते: 'मॅनेज', 'लिक्विड', 'ऑफ कलर', 'इन इलेक्शन'. वाक्यात नळ किंवा नाक वाहत असेल तर 'लिक्विड'. धुताना एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागला तर 'ऑफ कलर'. बाकीचं पान वाचायची गरजच पडत नाही. 'रन अ कार'ची नोंद तर खास पाहण्यासारखी आहे. हे शब्द दिसले की मनात लगेच 'गाडी चालवणे' येतं आणि वाक्याचा बट्ट्याबोळ होतो. 'आय कान्ट अफोर्ड टू रन अ कार' म्हणणाऱ्याला गाडी चालवता येत असते. तेल, विमा, दुरुस्ती मिळून ती पदरी बाळगणं त्याला परवडत नाही. ऑक्सफर्डने या अर्थाला वेगळा क्रमांक दिला आहे आणि 'वाहन किंवा यंत्र स्वतःचं असणे व ते वापरणे' हे व्याख्येतच स्पष्ट केलं आहे.

अडचण येते वाक्प्रचारांशी. 'रन रायट'चा (मोकाट धुडगूस घालणे) अर्थ 'रन'खाली मिळत नाही, तो 'रायट'च्या पानावर आहे. 'रन'चे वाक्प्रचार त्यांतल्या नामाच्या किंवा विशेषणाच्या नोंदीत पाहा, अशी सूचना तिथे दिलेली आहे, पण ती सहज नजरेतून सुटते आणि वाचणाऱ्याला वाटतं की कोशात अर्थच नाही. 'रन अ टेम्परेचर' म्हणजे अंगात ताप असणे; तोसुद्धा 'टेम्परेचर'कडून शोधलेला बरा.

'रन इंटू', 'रन ओव्हर', 'रन आउट' यांसारखी जोड-क्रियापदं मात्र ऑक्सफर्ड फार चोख मांडतो. नोंदीच्या मथळ्यातच कर्माची जागा दाखवलेली असते. गाडीखाली चिरडणे या अर्थी 'रन समबडी ओव्हर' असं लिहिलं असेल तर 'रॅन हिम ओव्हर' चालतं. 'रन इंटू समबडी', म्हणजे अवचित भेटणे, यात 'समबडी' शेवटीच आहे, म्हणून 'रॅन हिम इंटू' चुकीचं. 'रन आउट'मध्ये घोळ होतो तो कर्त्यामुळे. संपलेली वस्तू कर्ता असेल तर 'द पेपर हॅज रन आउट', 'ऑफ' नाही. ज्याच्याकडची वस्तू संपली तो माणूस कर्ता असेल तर 'वी हॅव रन आउट ऑफ पेपर', आणि इथे 'ऑफ' गाळून चालत नाही. नुसता अर्थ वाचून हा फरक लक्षात येत नाही. मथळा वाचावाच लागतो.

लाँगमनची खरी ताकद त्याच्या भाषेत आहे. 1978च्या पहिल्या आवृत्तीपासून त्याच्या व्याख्या सुमारे 2,000 सोप्या शब्दांत लिहिल्या जातात, त्यामुळे एक अर्थ कळावा म्हणून आणखी तीन शब्द शोधत बसावं लागत नाही. 'रन लेट'सारखे बांधीव प्रयोग तो क्रमांकांच्या मुख्य यादीतच गुंफतो. त्यामुळे पान भलतंच लांबतं, पण ऑक्सफर्डमध्ये होते ती शोधाशोध वाचते. इंग्रजीत लिहिताना कोश उघडायचा असेल तर आमचं मत लाँगमनला.

केंब्रिज त्यामानाने आटोपशीर. 'ऑपरेट', 'फ्लो', 'बिकम', 'पॉलिटिक्स' असे मोठे कप्पे पाडून त्यांच्या पोटात बारीक अर्थ घातले आहेत. बऱ्याच अर्थांपुढे ए-1 (अगदी नवशिका) ते सी-2 (भाषेत पारंगत) अशी पातळीही दिसते. शिकवणाऱ्याला ती फार उपयोगी, कारण 'रन'चे कोणते अर्थ नवशिक्यांना द्यायचे आणि कोणते मागे ठेवायचे हे आयतं कळतं. 'सप्लाइज आर रनिंग लो'मध्ये 'रन'पुढे विशेषण आलं आहे, तेव्हा सरळ 'बिकम'चा कप्पा उघडायचा.

कॉलिन्सच्या पानावर आधी कोबिल्ड हा शिकणाऱ्यांचा कोश येतो. 1987 मध्ये तो निघाला तो पूर्ण वाक्यात व्याख्या देण्याची नवी रीत घेऊन. कापडाचा रंग किंवा कागदावरची शाई ओली झाल्यावर पसरते तेव्हा ती 'रन' होते, अशा धाटणीची ही व्याख्या असते. कर्ता कोण असायला हवा हे वेगळं सांगावंच लागत नाही. पण खाली त्याच पानावर ब्रिटिश आणि अमेरिकन असे आणखी दोन कोश लागतात आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे कोणी नुसतं 'कॉलिन्स, अर्थ क्रमांक 5' म्हटलं तर ते कोणत्या विभागातलं हे आधी विचारावं.

मेरियम-वेब्स्टर आहे मूळ इंग्रजी भाषकांसाठी, शिकणाऱ्यांसाठी नाही. त्यात अर्थ लावले आहेत ते इतिहासक्रमाने, जुना आधी. म्हणून पहिला अर्थ तोच आजचा मुख्य अर्थ असं धरून चालणाऱ्याची इथे फसगत होते. सोय एकच, पण मोठी: आधी अकर्मक, मग सकर्मक असे क्रियापदाचे दोन विभाग आहेत. 'शी रन्स अ बेकरी'मध्ये कर्म आहे, म्हणून पहिला विभाग बेधडक ओलांडायचा. लांब मोज्याची उसवलेली रेघ हा 'रन'चा अमेरिकन अर्थही इथे पाहावा. ब्रिटिश लोक त्याला 'लॅडर' म्हणतात.

नामाकडे सहसा कोणी फिरकत नाही, आणि चुका तिथेच होतात. 'अ रन ऑन द बँक' म्हणजे ठेवी काढून घ्यायला उडालेली झुंबड. 'अ चिकन रन' म्हणजे कोंबड्यांना फिरायला जाळी लावून राखलेली जागा. आणि 'द रन्स' म्हणजे चक्क जुलाब! वाक्यात 'रन'आधी 'अ' किंवा 'द' दिसला की क्रियापदाचं पान सोडून नामावर टिचकी मारावी.

मॅकमिलनचा ऑनलाइन कोश 2023च्या जूनअखेर बंद झाला, त्यामुळे जुन्या टिपणांतले त्याचे दुवे आता कामाचे नाहीत.

राहता राहिला थोरला ऑक्सफर्ड, म्हणजे 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' किंवा ओईडी. 1989ची त्याची दुसरी आवृत्ती 20 खंडांची होती आणि तिच्यात सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढच्या सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले गेले. ही नोंद पुरती वाचायला वर्गणी लागते. वाक्यातला अर्थ लावायला ती घेणं म्हणजे पैसे वाया, कारण 645 अर्थांतून वाट काढताना मूळ वाक्यच विसरायला होतं. पण 'रन अ प्रोग्रॅम' हा प्रयोग छापात आधी कधी दिसला असं विचारायचं असेल, तर सालासकट दाखले तिथे मिळतात. वर्गणी भरण्याआधी आपल्या ग्रंथालयाच्या सभासदत्वात ओईडी येतो का, एवढं विचारून घ्यावं.