याकुल्ट: मूर्ती लहान, पण...

धाकटीचं अँटिबायोटिक संपलं आणि पोट बिघडलं, म्हणून फ्रिजमध्ये याकुल्ट, म्हणजे जिवाणू घालून आंबवलेल्या दुधाचं पेय, आलं. बाटली ६५ मिलीची, म्हणजे दोन घोट. त्यात ६५० कोटी जिवाणू; जपानच्या मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये शोधलेल्या वाणाचे. चव आंबटगोड, लिमलेटच्या गोळीसारखी. धाकटी तर झाकणाची चांदीही चाटते. मला जरा गोडच लागतं. मधुमेह असेल तर लेबलवरची साखर बघून घ्या.

सासूबाईंचं म्हणणं, "एवढ्या पैशांत पातेलंभर ताक होईल!" खरंय. पण विरजणातले जिवाणू जठरातल्या आम्लात टिकतीलच असं नाही. हा वाण त्यासाठीच निवडलेला.

मात्र हे प्यायलं की आजारपण येणारच नाही, असं समजू नका. आतड्यातले मूळ रहिवासी जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी तयार व्हायला त्याची मदत होते. नाहीतर जंतूंशी लढताना दाह आपल्याच आतड्याला भोवतो. या रहिवाशांना खाऊ बाटलीतून मिळत नाही, तो भाकरी-उसळीतूनच. तेव्हा ताटातली गवार टाकायची सवलत नाही, हे धाकटीला सांगून झालंय.

पाचपैकी साडेतीन तारे. फ्रिजमध्येच ठेवा, गरम करू नका.