रिटायर झाल्यावर बसायचं कुठं? तालुक्याचा ज्येष्ठ नागरिक संघ की गावचं गुरुदेव मंडळ

नोकरी संपवून गावी परतलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तालुक्याहून फोन येतो, "सर, आपल्या संघाचे सभासद व्हा." गावच्या गुरुदेव सेवा मंडळाचा, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या विचारानं चालणाऱ्या प्रार्थना मंडळाचा, मात्र फोन येत नाही. संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली की जायचं आणि सतरंजीवर बसायचं. मी दोन्हीकडं जातो. दोन्हींतलं एकच निवडायचं असेल त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

संघाचं काम कागदोपत्री. वयाची साठ पूर्ण, आधारची झेरॉक्स, दोन फोटो, वर्षाची वर्गणी. महिन्याला बैठक, त्यात वाढदिवस, एखाद्या डॉक्टरचं भाषण, १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. एवढ्यासाठीच जायचं असेल तर मी आग्रह करणार नाही. संघाची खरी किंमत कळते ती अडचणीत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, मशीनवर अंगठा उमटत नाही, फॅमिली पेन्शनचा कागद अडकतो. अशा वेळी आधी त्यातून गेलेला माणूस शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो.

जमिनीचंही तसंच. आमच्याकडं बाप हयातीतच वावर पोराच्या नावानं करून मोकळा होतो. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मला संघातच नीट समजला. सांभाळण्याची अट घालून मालमत्ता दिली आणि पोरानं आपल्याला सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करून मागता येतं, आणि त्यासाठीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं करायचा असतो. ती अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या. मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगतो, कारण सही झाल्यावर रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

मंडळात यातलं काहीच मिळत नाही. तिथं मिळतात ती माणसं. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. एका सतरंजीवर पाटील, मजूर, मास्तर सगळे बसतात. संघात बहुतेक पेन्शनवालेच. ज्याला रिटायरमेंट हा शब्दच लागू नाही, तो सत्तरीचा शेतकरी मला मंडळातच भेटतो. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं ढिलं पडतं. आमचे एक आजोबा प्रार्थनेआधी ती चुलीच्या धगीवर धरतात, बोटानं टिचकी मारून कान लावतात, पुन्हा धरतात. तेवढा वेळ सगळे थांबतात, आणि त्या थांबण्यातच गावच्या अर्ध्या गोष्टी होतात.

मागच्या वर्षी मी तापानं पडलो. दोन संध्याकाळी दिसलो नाही, तर तिसऱ्या सकाळी दोघं जण दारात. "मास्तर, काहून आले नाही?" संघातून फोन आला तो पुढच्या बैठकीनंतर. यात संघाचा दोष नाही, अठरा किलोमीटरचं अंतर आहे.

मंडळाची उणी बाजूही आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की सतरंजीवरही दोन गट पडतात. आणि बदल्यांमुळं तीस वर्षं गावाबाहेर घालवलेल्याला पहिला महिना परक्यासारखं वाटतं. मला वाटलं होतं. संघात सगळेच तसे, म्हणून तिथं लवकर रुळतो माणूस.

बायकांचा विचार वेगळा करा. आमच्या संघात पुरुषच जास्त. आमच्या घरच्या दोनदा आल्या, कोपऱ्यात बसल्या, तिसऱ्यांदा नको म्हणाल्या. गावच्या महिला भजनी मंडळात त्याच पुढं बसून म्हणतात.

भाड्याची काळजी फारशी नको. एसटीत पासष्टीपासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर मोफत, आणि २०२३ पासून महिलांना कुठल्याही वयात अर्धं. अडचण वेळेची आहे. बैठक पाचला सुटते आणि गावची शेवटची गाडी कधी कधी त्याआधीच निघून जाते.

म्हणून माझं मत असं: पेन्शनचं किंवा जमिनीचं काही अडलेलं असेल आणि गाडी चालवता येत असेल, तर आधी संघ. गुडघे बोलायला लागले असतील, घरात दोघंच असाल किंवा पेन्शनच नसेल, तर आधी मंडळ. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन फोनवरही आहे. आणि संघाचा फॉर्म भरण्याआधी एकदा भर पावसाळ्यात बैठकीला जाऊन या. अंधार पडायच्या आत घरी पोचता का, ते पाहा.