खोकं नवं, सोल सात वर्षांचा

शेतात घालायला बूट घ्यायला निघाला असाल तर पाच मिनिटं काढून हे वाचा. आमचे २,९०० रुपये गेले, त्याचं फार काही नाही. आबांचा पाय थोडक्यात वाचला, म्हणून लिहिते आहे.

आम्ही राहतो पुण्यात कर्वेनगरला आणि शेत सासवडच्या पुढे. सीताफळाची बाग, थोडं अंजीर, बांधाला बाभळी. आबा म्हणजे माझे सासरे, वय ६८. आठवड्यातले चार दिवस दिवेघाट चढून तिकडेच असतात. त्यांना चौदा वर्षांपासून शुगर आहे आणि गेली काही वर्षं तळपाय बधिर झालेत. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की शेतात चपलेवर फिरायचं नाही, पायाला लागलं तर तुम्हाला कळणारही नाही. त्यात पावसाळ्यात गवत वाढलं की आमच्याकडे घोणस निघते. घोट्याच्या वरपर्यंत येणारा, दणकट बूट हवाच होता.

८ जून २०२४, शनिवार. बोहरी आळीत दोरखंड घ्यायला गेलो होतो. तिथून परतताना पेठेतल्याच एका दुकानाबाहेर बूट टांगलेले दिसले. दुकानदार बोलायला गोड. ''ताई, चाकणच्या कंपन्यांत कामगार हेच घालतात. अस्सल लेदर, आयएसआय मार्क, आत स्टीलची प्लेट. बाबा, खिळ्यावर उभे राहिलात तरी टोचणार नाही.'' खोक्यावर किंमत २,८९९ आणि उत्पादन मार्च २०२४. आम्हाला १,४५० ला देतो म्हणाला. आबांना एक आणि शेतावरच्या मामांना एक असे दोन जोड घेतले.

आबा म्हणाले, अंगठा जरा टेकतोय. त्यावर उत्तर, ''लेदर आहे, आठ दिवसांत सैल होईल.'' पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला, आणि पाठकोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. फोनवरून पैसे पाठवले तेव्हा समोर दुकानाचं नाव आलंच नाही, कुणा तिसऱ्याच माणसाचं आलं. मी ते नाव वाचलं होतं आणि तरी पैसे पाठवले. त्याची रुखरुख अजून आहे.

पहिले पंधरा दिवस ठीक गेले. मग पावसाने जोर धरला. २ जुलैला आबा बाभळीच्या फांद्या तोडून कुंपणाला लावत होते. संध्याकाळी घरी आले, बूट काढला आणि पायमोजा बोटांपाशी लाल दिसला. बोटभर लांबीचा काटा सोलमधून आरपार येऊन मोडला होता. किती वेळ त्यावर चालले, त्यांना पत्ताच नव्हता. मी बूट उलटा करून सोलवर अंगठा दाबला तर शिळ्या खारीसारखा भुगा पडला. वरचा थर तसाच, आणि आतून पिवळट, ओलसर, भुसभुशीत. दुसऱ्या पायाचा सोल पुढच्या बाजूने सुटून लोंबत होता.

जखम भरायला सव्वादोन महिने लागले. दोनदा पू झाला, इंजेक्शनं झाली, आणि एका आठवड्यात तर डॉक्टर एक बोट काढावं लागेल का याचा विचार करत होते. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

आमच्या चौकात चपला दुरुस्त करणारे काका बसतात. बूट त्यांच्याकडे नेला. त्यांनी रापीने टाचेपासून चिरला. स्टीलच्या प्लेटच्या जागी भिजून फुगलेला पुठ्ठा निघाला. लेदर म्हणून दिलेल्या वरच्या भागाची कड त्यांनी सोलून दाखवली. आत विणलेलं कापड आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ थर, म्हणजे रेक्झिन. ते पायाप्रमाणे कधी सैल होणारच नव्हतं. मग सोलच्या खालच्या खोलगट भागात घड्याळासारखं एक छोटं चक्र होतं त्यावर त्यांनी बोट ठेवलं. कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि १७. ''ताई, हे साच्यातलं असतं. महिना आणि साल. खोक्यावरची चिठ्ठी बदलता येते, हे नाही बदलत.'' सोल २०१७ चा होता.

तेव्हा कळलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हल्लीच्या हलक्या, मऊ सोलमध्ये पॉलीयुरेथेन म्हणजे पीयू असतं. हवेतल्या ओलाव्याने ते आतल्या आत हळूहळू तुटत जातं. बूट एकदाही घातला नाही, खोक्यात बंद राहिला, तरी हे चालूच राहतं. दमट हवेच्या गोदामात चार-पाच वर्षं पडलेला बूट दिसायला कोरा करकरीत असतो आणि पावसात महिनाभरात विरघळतो. वापरलेला नाही म्हणजे चांगला असणार, हा हिशेब पीयूला लागू होत नाही. पडून राहिलेला असा माल स्वस्तात उचलून नवी चिठ्ठी लावून विकतात. आम्हाला तोच मिळाला होता.

आयएसआयचंही तसंच. सेफ्टी बुटांचं मानक आहे आयएस १५२९८ भाग २. मार्कच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याला, कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे ते लगेच दिसतं. आमच्या बुटावरचा क्रमांक टाकला तर परराज्यातल्या प्लास्टिक पाइपच्या कारखान्याचा निघाला. हे दुकानात उभं राहूनच करता आलं असतं. आमच्या बुटावर तर मार्कसुद्धा जिभेच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर होता, आणि नखाने ती सहज निघाली.

खऱ्या सेफ्टी बुटाचं पुढचं टोक २०० जूलचा आघात सोसतं, म्हणजे २० किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं वाचावीत. पण काट्या-खिळ्यांपासून वाचवणारा थर प्रत्येक सेफ्टी बुटात नसतो. त्यासाठी एस १ पी किंवा एस ३ अशी खूण बघावी लागते. त्या थराची चाचणी ११०० न्यूटनला, म्हणजे खिळ्यावर जवळपास ११० किलोंचा भार टाकून होते. बाभळीच्या गावात राहणाऱ्याने ही खूण बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आबांच्या धावपळीत सव्वा महिना गेला आणि मग दुकानात गेलो. तो आधी ओळखच दाखवेना, नंतर भिंतीवरच्या ''विकलेला माल परत घेतला जाणार नाही'' या पाटीकडे बोट दाखवलं. ती पाटी सदोष मालाला ढाल होऊ शकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांच्या आत दोष असलेला माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणं हीसुद्धा. आमचे ३० दिवस उलटून गेले होते. तुमच्या बाबतीत असं काही झालं तर सोल उकलला त्याच दिवशी जा, फोटो काढा, लेखी द्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, बीआयएसकडेही ॲपवरून पाठवली. दुकानदाराचं म्हणणं एकच, हा माल माझा नाही. पाठकोऱ्या चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना सही. पैसे गेलेत ते तिसऱ्याच्याच नावावर. म्हणून म्हणते, पक्क्या बिलावर बुटाचं नाव, माप आणि मॉडेल लिहून घ्या. पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

नंतर बूट घेतले ते नीट पारखून. संध्याकाळी गेलो, कारण दिवसभराने पाय थोडे सुजतात. शेतात घालायचे तेच जाड मोजे बरोबर नेले. आबांना दुकानाच्या पायऱ्या दोनदा उतरायला लावल्या, अंगठा पुढे आपटत नाही आणि टाच उचलत नाही हे बघून घेतलं. आत हात घालून सगळी शिवण चाचपली, कारण बधिर पायाला आतली गाठही जखम करते. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली घेतली, माती आणि काडीकचरा आत जात नाही. सोल नायट्राइल रबराचा. तो पीयूपेक्षा जड आहे आणि आबा पहिले चार दिवस कुरकुरले, पण ओलाव्याने तो असा विरत नाही. चिखलाच्या दिवसांसाठी मामांना पीव्हीसीचे गमबूट वेगळे घेतले. लेदरचा बूट रोज चिखलात भिजवला तर कितीही चांगला असला तरी टिकत नाही.

चिरलेला बूट, पुठ्ठा, सोललेली पट्टी आणि खोकं पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलंय. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. दवाखान्याची बिलं लावून कागद तयार करते आहे. आबा आता रोज संध्याकाळी ओट्यावर बसून दाढीचा आरसा तळपायाखाली धरतात, आणि शेजारी मामाही आपले बूट उलटे करून सोल दाबून बघतात.