पाण्यावरच्या धारेच्या मशीनसोबत आठ महिने

बारा मिलिमीटरची पटाशी कोपऱ्यात निळी पडली आणि त्याच दिवशी हे मशीन घ्यायचं ठरलं. जुनं कोरडं ग्राइंडर मिनिटाला २८५० फेरे घेतं. त्यावर पटाशी दोन सेकंद जास्त टेकली, एवढंच. निळा रंग म्हणजे पोलाद तिथं ३०० अंशांच्या आसपास तापलं, आणि साध्या कार्बन पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, तर त्याच्या बरंच आधी उतरायला लागतं. तेवढा कोपरा लोखंडासारखा मऊ झाला. दोन-अडीच मिलिमीटर घासून टाकले तेव्हा कुठं चांगलं पोलाद लागलं. पात्याचं पाणी उतरू नये म्हणून धार लावायचं चाकच पाण्यात फिरवायचं, एवढीच या मशीनची कल्पना.

ही जात रूढ केली स्वीडनच्या टॉर्मेक कंपनीनं, १९७३ पासून. माझं मशीन त्यांचं नाही, त्याच धर्तीवर दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं आहे. तेव्हा खालच्या तक्रारी त्यांच्या नावावर मांडू नका. चाक २५० मिमी व्यासाचं, ५० मिमी रुंद, २२० नंबरच्या दाण्याचं, मिनिटाला ९० फेरे. चाकाची कड सेकंदाला जेमतेम १.२ मीटर सरकते. जुन्या १५० मिमीच्या कोरड्या चाकाची २२ मीटर सरकायची. दुसऱ्या टोकाला, धारेवर शेवटचा हात फिरवायला, चामड्याचं चाक. आवाज इतका कमी, की घरातले झोपलेले असताना पलीकडच्या खोलीत मी रंध्याची पाती लावलेली आहेत.

पहिल्या दिवशी ट्रे भरला, मशीन सुरू केलं आणि पाच मिनिटांत पाणी गायब. गळती शोधत मी टेबलाखाली वाकलो, तर खाली कोरडंच. कोरं चाक पाणी पितं आणि चांगलं पोटभर पितं. दोन-तीनदा भरावं लागलं, मग थांबलं. खरा ओला प्रकार त्यानंतरचा. पातं चाकाला टेकलं की पाणी त्यावर चढतं, पात्यावरून मागं, पातं धरून ठेवणाऱ्या जिगकडं वाहतं आणि ट्रेच्या बाहेर ठिबकतं. मशीनखाली कडा असलेला जुना ओव्हनचा ट्रे ठेवला तेव्हा ती कटकट मिटली. पण या पाण्याचा एक फायदा कुणी सांगितला नव्हता. जोवर चाक धारेपर्यंत पोचलेलं नसतं, तोवर पाणी पात्याखालीच अडतं. पोचलं की धारेवरून पातळ पडदा एकसारखा वर येतो. एका बाजूनं येत असेल आणि दुसऱ्या बाजूनं नसेल, तर समजायचं की पातं तिरकं लागतंय. आता मी पात्याकडं कमी आणि पाण्याकडंच जास्त बघतो.

कोन लावायला सोबत मापाचं साधन मिळतं, पण माझा भरवसा काळ्या मार्करवर. धारेमागच्या घासलेल्या उतारावर शाई फासायची, मशीन बंद ठेवून चाक हातानं थोडं फिरवायचं. शाई टाचेकडची, म्हणजे उताराच्या मागच्या कडेची, गेली तर कोन कमी लागलाय, धारेकडची गेली तर जास्त. पूर्ण उतारावरची गेली की जिग ज्यावर टेकतो त्या आडव्या दांड्याचे स्क्रू आवळायचे. साध्या पटाशा आणि रंध्याच्या पात्यांना मी २५ अंश ठेवतो, खाचा पाडायच्या जाड पटाशीला ३०. आणि चाक झिजलं की मापाच्या साधनावर नवा व्यास लावायला विसरू नका. माझं २५० चं आता २४३ वर आलंय. ही गोष्ट लक्षात यायला मला तीन महिने लागले. तोवर मी २५ समजून भलताच कोन लावत होतो.

कोन हे मशीन सांभाळतं, काटकोन मात्र सांभाळत नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. ५० मिमीचं रंध्याचं पातं जिगमध्ये निमूट बसतं. सहा मिलिमीटरची पटाशी जिगच्या चिमट्यात केसभर फिरली तरी धार तिरकी होते आणि घासताना ते दिसत नाही, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावल्यावर दिसतं. त्यातून माझ्या जुन्या पटाशांच्या कडा मुठीकडून टोकाकडं निमुळत्या. जिग ज्या कडेला धरून सरळपणा ठरवतो ती कडच सरळ नाही. पहिल्यांदा मी जिगला दोष दिला, मग स्वतःच्या हाताला. खरा चोर निघालं चाक. एकाच जागी अरुंद पटाश्या घासून त्याला मधोमध खळगा पडला होता. हिऱ्याच्या टोकाचं हत्यार त्याच आडव्या दांड्यावर सरकवून चाक छाटलं, की चाकाचा पृष्ठभाग दांड्याला समांतर होतो. मग निम्मा तिरकेपणा आपोआप जातो. छाटणी अगदी हळू करायची आणि एका वेळी अगदी थोडीच घ्यायची. प्रत्येक छाटणीला चाक थोडं संपतं, त्याला इलाज नाही. अरुंद पटाशी मी आता चाकाच्या पूर्ण रुंदीवर फिरवत ठेवतो. रुंद पात्याचं उलट आहे: निम्म्याहून जास्त पातं चाकाबाहेर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर कोपरा जास्त खाल्ला जातो.

सोबत एक दुहेरी ठोकळा येतो. त्याची एक बाजू फिरत्या चाकावर दाबली की चाक गुळगुळीत होऊन १००० नंबरच्या दगडासारखं वागतं, दुसरी बाजू दाबली की पुन्हा २२० सारखं. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात त्या गुळगुळीत चाकानं आधीचे ओरखडे काढायला इतका वेळ जातो, की मी ते सोडून दिलं. आता २२० वरून थेट सपाट दगडावर जातो, आधी १०००, मग ६०००. गोल चाकावर घासलेला उतार किंचित खोलगट असतो. चार मिमी जाडीच्या पटाशीला २५ अंशांवर ती खोली सुमारे ०.०९ मिमी, कागदाच्या जाडीइतकी. पण तेवढ्यानं पटाशी दगडावर टाच आणि धार अशा दोन रेघांवर टेकते, डुगडुगत नाही. जिग न लावता आठ-दहा फेऱ्यांत पाठीवर, म्हणजे सपाट बाजूवर, बर (धारेवर वळलेली धातूची बारीक कोर) येतो, बोटाला बारीक खरखर लागते. पाठ दगडावर पालथी घासून तो काढला की झालं. असं सहा-सात वेळा दगडावरच भागतं, मग पुन्हा चाक. घेताना वाटलं होतं दगड अडगळीत जातील. उलट तेच रोज हातात असतात आणि मशीन पंधरवड्यातून एकदा. हो, आणि पाठ सपाट करायला चाकाची बाजू वापरायच्या फंदात पडू नका. ते काम दगडाचं.

चामड्याचं चाक आधी हलक्या तेलानं भिजवायचं, मग पेस्ट लावायची. तिथं धार नेहमी फिरण्याच्या दिशेनं ओढली जायला हवी. एकदा फोनवर बोलता बोलता मी पटाशी उलटी टेकवली. चामड्यात एक चंद्रकोर कोरली गेली, ती अजून आहे. शिवाय चामडं मऊ असल्यानं जास्त वेळ धरलं तर धार गोलावते. दोन-तीन सेकंद पुरे.

हे मशीन हळू आहे, हे घेण्याआधी मनाशी पक्कं करा. खिळ्यावर आपटून मिलिमीटरभर तुकडा उडालेलं रंध्याचं पातं पूर्ण सरळ करायला मला पाऊण तास लागला. मोटर सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवायची नाही असं पुस्तिकेत लिहिलेलं, त्यामुळे मधे थांबणं आलंच. मोठा तुकडा उडाला असेल तर मी अजूनही कोरड्या ग्राइंडरवर थोडं थोडं, दर दोन टेकींना पाण्यात बुडवत घासतो आणि धारेच्या जवळ आलो की थांबून इकडं येतो. लेथच्या हाय स्पीड स्टीलच्या गोल पटाश्यांना उष्णतेचं तेवढं भय नाही, त्या कोरड्यावरही चालतात.

काम झालं की ट्रे रिकामा करा. मी एकदा चार दिवस विसरलो. तळाशी राखाडी गाळ खापरीसारखा बसला, खरवडून काढावा लागला, आणि चामड्याच्या चाकाच्या नटाला गंज चढला तो वेगळाच. तो गाळ मोरीतही टाकू नका, नळी तुंबते. ट्रेमध्ये चुंबक ठेवलं तर लोखंडाचा कीस त्याला चिकटतो आणि धुणं सोपं जातं. पाती मात्र लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा.

दोन पटाश्या आणि एक रंधा एवढाच संसार असेल तर दगड पुरेत, यात पडू नका. माझ्याकडं पटाश्या चौदा, रंध्याची पाती सहा.

परवा त्या सहा मिलिमीटरच्या पटाशीला पुन्हा गुण्या लावून उजेडासमोर धरली. उजवीकडं अजून केसभर फट दिसते. आज रात्री ती घ्यायची आहे.