अँकी सहा महिने वापरलं, त्याबद्दल

बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे मी, त्यामुळे फार्मकॉलॉजीचं पाठांतर काय असतं ते वेगळं सांगायला नको. प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन अशी औषधांची नावं रात्री दोनपर्यंत घोकायची, सकाळी पेपरात उतरवायची आणि पंधरा दिवसांनी व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) विचारलं की डोकं कोरं. या काळजीत एक महागडं मेमरी सिरप पण आणलेलं, तीन बाटल्या संपवल्या, मला तरी काही फरक पडला नाही. मग एका सीनियर ताईने मोबाईलमध्ये अँकी टाकून दिलं.

तशी साधी फ्लॅशकार्डं आहेत. प्रश्न दिसतो, आधी आपण आठवायचं, मग उत्तर बघून अगेन, हार्ड, गुड, इझी यातलं एक बटण दाबायचं. ते कार्ड परत कधी येणार हे अ‍ॅप ठरवतं, आधी उद्या, मग काही दिवसांनी, मग महिन्याने, असं अंतर वाढत जातं. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट, आयफोनवाल्यांना पैसे भरावे लागतात. मराठीत पण कार्डं बनवता येतात.

मला सुरुवातीला ही मधली गॅपच पटत नव्हती, आज वेळ आहे ना हातात मग आजच वीसदा करू दे की! पण नंतर एरिक कँडेल यांचं काम वाचलं आणि ही गॅप का लागते ते कळलं. 2000 साली नोबेल मिळालेला हा माणूस, यांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग केले. तिच्या शेपटीला एकदा शॉक दिला की सेरोटोनिन सुटतं (हो, तेच, डिप्रेशनच्या औषधांत आपण शिकतो ते), मज्जापेशीत सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढतं, पीकेए नावाचं एन्झाइम जागं होतं आणि मज्जापेशींमधलं आहे तेच कनेक्शन थोडा वेळ जोरात चालतं. काही मिनिटांत सगळं पूर्ववत. पण तोच शॉक थांबून थांबून पाच वेळा दिला की पीकेए थेट पेशीच्या केंद्रकात शिरतं, तिथे क्रेब-1 नावाचं प्रोटीन जीन्स चालू करतं, त्याला अडवणाऱ्या क्रेब-2 चा ब्रेक निघतो, नवीन प्रोटीन्स तयार होतात आणि त्यातून चक्क नवीन सिनॅप्स (मज्जापेशींमधले जोड) उगवतात. प्रोटीन बनणं औषधाने बंद केलं तर आत्तापुरतं लक्षात राहतं, टिकत मात्र नाही. म्हणजे टिकाऊ आठवण हे बांधकाम आहे आणि बांधकामाला वेळ लागतोच.

फळमाशीवरचा प्रयोग तर सरळ आपल्या अभ्यासाबद्दलच बोलतो असं मला वाटतं. एक वास टाळायला माशीला 10 वेळा सलग शिकवलं तर काही दिवसांत विसरली, तेच 10 वेळा मध्ये 15-15 मिनिटं विश्रांती देऊन शिकवलं तर आठवडाभर टिकलं, आणि या टिकण्याला क्रेब लागतोच. माझी आजी रोज दिवेलागणीला पाढे म्हणून घ्यायची, रोज थोडेच, पण सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद आजही झोपेतून उठवून विचारा.

आता वापरायचं असेल तर रेडिमेड डेक (दुसऱ्यांनी बनवलेले कार्डांचे संच) घेऊ नका प्लीज, स्वतः कार्ड लिहिताना निम्मं समजतं. एका कार्डावर एकच गोष्ट ठेवा, मी आधी अख्ख्या औषधाचे साइड इफेक्ट एकाच कार्डावर कोंबले होते, त्यातलं एकही धड आठवायचं नाही. आणि खाडा नको. दिवाळीत मी आठ दिवस उघडलंच नाही, परत आले तर सहाशेच्या वर कार्डं साचलेली, चार दिवस लागले ते निपटायला. रोजची नवीन कार्डं सुरुवातीला 20 वर सेट असतात, मी 10 केलीत, कॉलेज आणि प्रॅक्टिकल सांभाळून तेवढीच झेपतात.